कर्नल हेडर आणि सी लायब्ररी: या चुका टाळा

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. “सर, लिनक्सचा कर्नल नवीन घातला आणि आता साधा सी प्रोग्रॅमसुद्धा कंपाइल होत नाही. यूएपीआय/लिनक्स/एरनो.एच सापडत नाही म्हणतो.”

“/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स तू बदललंस?”

तो गप्प. मीही एके काळी हेच केलंय, म्हणून लगेच ओळखलं. फोल्डर उडवून तिथे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्सकडे नेणारी सिमलिंक (आडवाट)! लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने 2000 सालीच असं करू नका म्हणून सांगितलंय, तरी हा उपाय अजून फिरतोय.

त्या फोल्डरातले हेडर, म्हणजे कंपाइल करताना वाचल्या जाणाऱ्या .एच फाइली, चालू कर्नलचे नसतातच. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, ज्या हेडरांवर बांधली, त्यांच्याशी या फाइलींची जोडी असते. त्यामुळे चालू कर्नलशी आवृत्ती जुळली नाही तरी बिघडत नाही. त्यातून कर्नल 3.7 पासून, म्हणजे 2012 पासून, प्रोग्रॅमसाठीचे हेडर सोर्समध्ये यूएपीआय नावाच्या वेगळ्या फोल्डरात गेलेत. कर्नलचा आतला एरनो.एच तिथलीच फाइल मागतो, आणि कंपायलरला ती वाट ठाऊक नसते.

डेबियन, उबुंटूवर दुरुस्ती सोपी आहे: आधी सिमलिंक काढा, मग लिनक्स-लिबसी-डेव्ह पॅकेज पुन्हा बसवा. क्रम उलटा नको. लिंक असताना पॅकेज घातलं, तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारं साधन) लिंकला हात लावत नाही, फाइली मुकाट्याने कर्नलच्या सोर्समध्ये नेऊन टाकतं.

नव्या कर्नलमधला एखादा कॉन्स्टंट खरोखरच हवा असेल, तर सोर्समध्ये ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ चालवून हेडर वेगळ्या फोल्डरात काढा आणि फक्त त्या प्रोजेक्टला ती वाट द्या. पण हेडर नवे म्हणून कर्नल नवा होत नाही. कंटेनरमध्ये हे हमखास दिसतं, कारण तिथे हेडर आतले आणि कर्नल बाहेरच्या यंत्राचा: कंपाइल झालं, चालवल्यावर ईनोसिस, म्हणजे ‘ही सोय या कर्नलमध्ये नाही’. लिनक्स_व्हर्जन_कोड हा कॉन्स्टंटही हेडरचीच आवृत्ती सांगतो.

कधी चूक आपली नसतेही. 2022 च्या ग्लिबसी 2.36 मध्ये ग्लिबसीचा सिस/माउंट.एच आणि कर्नलचा लिनक्स/माउंट.एच एकत्र घेतले की त्यांची आपसातच जुंपायची.

तासाभराने पुन्हा फोन. प्रोग्रॅम कंपाइल होतो, वायफायचा ड्रायव्हर मात्र बांधला जात नाही. त्याला लिनक्स-हेडर्स हे दुसरं पॅकेज लागतं, आणि ते मात्र ‘यूनेम -आर’ ही आज्ञा चालू कर्नलची जी आवृत्ती दाखवते, नेमकं तिचंच.