लाउरी पेकुरी यांच्यावर लिहिताना, त्यांच्या विमानांची छोटी मॉडेल बनवताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातले फिनलंडचे लढाऊ वैमानिक म्हटलं की यूतिलाइनेन आणि विंद ही दोन नावं पुढे येतात. लाउरी पेकुरी हे नाव मागेच राहतं, आणि जिथे येतं तिथे बरेचदा चुकीच्या तपशिलासह येतं. याला त्यांच्या कारकिर्दीचा आकारच कारणीभूत आहे. पेकुरी यांच्या बाबतीत आडनाव, पथकाचं लघुनाव, तळ, विमान, विमानावरचं चिन्ह, सगळंच मध्येच बदललं. त्यामुळे एका वर्षाचा तपशील उचलून दुसऱ्या वर्षाला जोडला की गफलत झालीच म्हणून समजा. कोणत्याही घटनेची तारीख आधी पक्की करावी, बाकी सगळं त्या तारखेला लावून तपासावं.

आडनावाचा घोळ

पेकुरी यांचं आधीचं आडनाव ओहुकाइनेन. जुन्या नोंदींत ‘पेकुरी’ सापडले नाहीत म्हणून ते तेव्हा पथकात नव्हतेच, असा निष्कर्ष काढला जातो. उलटही होतं: ओहुकाइनेन आणि पेकुरी हे दोन वेगळे वैमानिक धरून एकाच माणसाचे विजय (नावावर नोंदलेली शत्रूची विमानं) दोन ओळींत लिहिले जातात. यादी बनवत असाल तर दोन्ही नावांनी शोधा आणि एकाच ओळीत आणा.

नुसतं ‘ओहुकाइनेन’ टाकून शोधलंत, तर पातळ घावनांच्या पाककृती आणि लॉरेल-हार्डीची पानं समोर येतील. फिनिशमध्ये ओहुकाइनेन म्हणजे पातळ घावनासारखा पदार्थ, आणि लॉरेल-हार्डी जोडीतल्या बारक्याचंही तिकडचं नाव हेच. सोबत पथकाचा क्रमांक किंवा विमानाचं नाव जोडलं की शोध वठणीवर येतो.

दुसरी अडचण विभक्तीची. मराठीसारखंच फिनिशमध्येही नाम प्रत्यय घेतं. ‘पेकुरी’चं ‘पेकुरिन’ होतं, तलावाला ‘यॅर्वी’ म्हणतात आणि तलावाचा म्हणजे ‘यॅर्वेन’. म्हणून अख्खा शब्द न टाकता मूळ भाग टाकून शोधावं. फिनिशमधला ‘जे’ हा य असतो, ‘टी’चा उच्चार त असा होतो आणि दोन टिंबांचा ‘ए’ म्हणजे ॲ. जुटिलाईनेन, कोलेजार्वी असं इंग्रजी वाचनातून आलेलं लेखन टाळा. ‘यॅर्वी’ म्हणजेच तलाव, तेव्हा ‘कोलेयॅर्वी तलाव’ लिहिताना एक शब्द दोनदा येतोय हे लक्षात असू द्या. वाचकाच्या सोयीसाठी तसं लिहिलं तरी बिघडत नाही.

२५ जून १९४२: सगळ्यात जास्त चुका इथेच

या दिवशी लेफ्टनंट पेकुरी बीडब्ल्यू-३७२ या अमेरिकी बनावटीच्या ब्रूस्टर लढाऊ विमानात होते. सोव्हिएत हरिकेनशी झालेल्या चकमकीत विमानाला मार बसला आणि त्यांनी ते पूर्व कारेलियात, सेगेझापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मोठ्या कोलेयॅर्वी तलावात उतरवलं. विमान बुडालं, पेकुरी किनाऱ्याला लागले आणि पायी आपल्या लोकांत परतले.

पहिली चूक वर्षाची. २५ जून १९४१ ला सोव्हिएत बॉम्बहल्ल्यानंतर फिनलंडचं दुसरं युद्ध, म्हणजे ‘पुढे चालू राहिलेलं युद्ध’, सुरू झालं आणि ब्रूस्टर त्याच दिवशी लढाईत उतरली. बीडब्ल्यू-३७२ बुडालं ते बरोबर एक वर्षाने. फक्त ‘२५ जून’ अशी टिपणी केली की हे दोन दिवस एकमेकांत मिसळतात. हिवाळी युद्ध, म्हणजे सोव्हिएत संघाशी झालेलं पहिलं युद्ध, तर त्याहून वेगळं: ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४०, १०५ दिवसांचं. त्या युद्धात फिनिश लढाऊ पथकाचा भार फोकर डी-२१ वर होता. ब्रूस्टरचे विजय हिवाळी युद्धाच्या खात्यात घालू नका.

दुसरी चूक हरिकेन पाहून होते. विमान ब्रिटिश बनावटीचं, शिवाय ब्रिटनने ६ डिसेंबर १९४१ ला फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलेलं, तेव्हा समोर ब्रिटिश वैमानिक असणार असं गृहीत धरलं जातं. ब्रिटिश हवाई दलाची एक तुकडी १९४१ च्या शरदात मुर्मान्स्कजवळ लढली होती हे खरं, पण ती आपली विमानं सोव्हिएत वैमानिकांच्या हवाली करून परतली. १९४२ च्या उन्हाळ्यात कारेलियात जी हरिकेन उडत होती, ती सोव्हिएत तारा लावलेली आणि सोव्हिएत वैमानिकांची.

तिसरी चूक घड्याळाची, आणि ही जाणत्यांकडूनही होते. फिनिश आणि मॉस्कोच्या वेळेत एरवी एक तासाचा फरक असायचा, म्हणून दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवताना डोळे झाकून एक तास वजा केला जातो. पण १९४२ च्या उन्हाळ्यात, एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, फिनलंडने घड्याळं एक तास पुढे केली होती. त्या काळात दोन्हीकडची वेळ सारखीच होती. जूनच्या चकमकीतून तास वजा केलात, तर जुळणारी नोंद हातची निसटेल आणि भलतीच चकमक जोडली जाईल.

चौथी, पथकाच्या लघुनावाची. पेकुरी यांचं पथक २४ क्रमांकाचं. ३ मे १९४२ पर्यंत त्याचं लघुनाव एलएलव्ही, त्यानंतर एलईएलव्ही आणि १४ फेब्रुवारी १९४४ पासून एचएलईएलव्ही, म्हणजे ‘लढाऊ पथक’. कोलेयॅर्वीच्या घटनेला यातलं दुसरं, म्हणजे एलईएलव्ही, लागू होतं. ही तीन वेगळी पथकं नव्हेत.

गावांच्या नावांबाबतही तसंच: फिनिश नोंदीतलं कारहुमॅकी म्हणजे रशियन नकाशातलं मेद्वेझ्येगोर्स्क, विईपुरी म्हणजे व्यिबोर्ग. कोणता नकाशा वापरताय ते ठरवा आणि लेखभर तोच धरा.

ब्रूस्टरला ‘बफेलो’ म्हणू नका

‘बफेलो’ हे नाव ब्रिटिशांनी त्यांच्या यंत्रांना दिलं. फिनलंडने घेतलेलं मॉडेल २३९ तिथे फक्त ‘ब्रूस्टर’ होतं. एकूण ४४ आली, बीडब्ल्यू-३५१ ते बीडब्ल्यू-३९४. या टप्प्याबाहेरचा क्रमांक दिसला तर तो चुकीचा आहे.

मॉडेल बनवणाऱ्यांची फसगत नाकाशी होते. बाजारातले बरेच संच नंतरच्या आवृत्तीचे, म्हणजे ब्रिटिश आणि डच ३३९ किंवा अमेरिकी नौदलाच्या एफ२ए-२, एफ२ए-३ चे असतात. मॉडेल २३९ चं इंजिन कमी ताकदीचं आणि नाक आखूड. संच घेण्याआधी भाग क्रमांकांचा तक्ता पाहा: २३९ किंवा एफ२ए-१ असा स्पष्ट उल्लेख नसेल तर इंजिनाचं झाकण, पंखा आणि पुढचा भाग बदलावा लागेल. जहाजावर उतरण्याचा शेपटीचा आकडा (हूक) फिनिश विमानांना नव्हता, तो भाग लावू नका. निर्यातीच्या वेळीच नौदलाची सामग्री काढलेली होती.

रंगात दोन गोष्टी सांभाळा. चिन्ह निळ्या स्वस्तिकाचं, पांढऱ्या वर्तुळात, भुजा सरळ उभ्या-आडव्या. ते ४५ अंशांत वळवलं की जर्मन चिन्ह होतं. १९१८ साली स्वीडनच्या एरिक फॉन रोझेन यांनी भेट दिलेल्या विमानावर ते होतं आणि फिनिश हवाई दलाने तेच स्वीकारलं, म्हणजे नाझी राजवटीच्या कितीतरी आधी. १९४१ च्या युद्धापासूनच्या विमानांवर धडाच्या मागच्या भागात पिवळा पट्टा आणि पंखांच्या टोकांना खालून पिवळा रंग असतो. १९४० च्या विमानावर तो रंगवणं चूक आहे.

मूळ विमान बघून रंग मिळवायचा विचार असेल तर जपून. बीडब्ल्यू-३७२ ५६ वर्षं पाण्याखाली होतं. १९९८ मध्ये ते वर काढलं, पुढे अमेरिकेत पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयाकडे गेलं आणि तिथून दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर फिनलंडमध्ये तिक्काकोस्कीच्या हवाई दल संग्रहालयात आलं. ते नव्याने रंगवलेलं नाही. आज दिसणारी छटा ही गाळ, पाणी आणि काळाने बदललेली छटा आहे. भोकं, पत्र्यांचे जोड, आतली मांडणी यांसाठी त्याचे फोटो सोन्यासारखे आहेत, रंगाच्या नमुन्यासाठी नाहीत. त्याच संग्रहालयात हुमू नावाचं ब्रूस्टरवर बेतलेलं फिनिश विमानही आहे, ते एकच बनलं. फोटो घेताना धडावरचा क्रमांक वाचा: बीडब्ल्यू असेल तर ब्रूस्टर, एचएम असेल तर हुमू.

साडेअठरा म्हणजे साडेअठराच

पेकुरी यांच्या नावावर १८½ विजय आहेत, त्यातले १२½ ब्रूस्टरवरचे. अर्धा आहे कारण दोघांनी मिळून पाडलेला विजय फिनलंडमध्ये वाटून मोजत. १९ लिहिलं तर सोबत्याचा अर्धा हिरावला जातो आणि पथकाची बेरीज जुळत नाही. शिवाय हा आकडा मान्य झालेल्या दाव्यांचा आहे. समोरच्या बाजूच्या नुकसानीशी तो एकास एक जुळेलच असं नाही, म्हणून ‘पाडली’ ऐवजी ‘नावावर नोंदली गेली’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

उरलेले विजय मेसरश्मिट १०९ वरचे, ३४ क्रमांकाच्या पथकातले. या विमानांचा क्रमांक एमटीने सुरू होतो. जी-२ आवृत्ती एमटी-२०१ पासून, जी-६ एमटी-४०१ पासून. ४०० च्या मालिकेतला क्रमांक आणि जी-२ चं नाक असं चित्र दिसलं तर ते चुकीचं. आणि जर्मन विमान उडवलं म्हणून पेकुरी जर्मन हवाई दलात नव्हते. ही पथकं फिनिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढली.

१९४४ वर कारकीर्द संपवू नका

जून १९४४ मध्ये, सोव्हिएत सैन्याची मोठी मुसंडी चालू असताना, पेकुरी यांचं विमान पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. काही याद्या इथेच थांबतात, काहींत ते मृत ठरतात. ते शस्त्रसंधीनंतर सुटून परतले आणि हवाई दलातच राहिले.

पुढचा काळ समजायला १० फेब्रुवारी १९४७ चा पॅरिस तह माहीत हवा. त्याने फिनलंडच्या हवाई दलाला ६० विमानं आणि ३,००० माणसांची मर्यादा घातली, बॉम्बफेकी विमानं बंद केली. फिनलंडसोबतच्या या तहावर सही करणाऱ्या देशांत भारतही होता. इतक्या कमी विमानांत नवं जेट निवडायचं म्हणून फोलंड नॅट आलं, एकूण १३. पहिलं ३० जुलै १९५८ ला पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी लुओनेतयॅर्वी इथे मेजर पेकुरी यांनी त्यावर फिनलंडमध्ये पहिल्यांदा ध्वनीचा वेग ओलांडला. इथे ‘नॅट हे स्वनातीत विमान’ असं लिहिण्याचा मोह होतो. सरळ उड्डाणात नॅट तो वेग ओलांडत नाही, खाली सूर मारताना ओलांडतं.

आपल्याकडे नॅट १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्यामुळे माहीत आहे, म्हणून पेकुरी यांचं नॅट बनवायची इच्छा आपल्या मॉडेलकारांना होते. संच घेताना खोका नीट पाहा. लाल रंगातलं, दोन आसनांचं प्रशिक्षण नॅट जास्त मिळतं, आणि त्याचं धड, पंख, शेपटी सगळंच एका आसनाच्या लढाऊ नॅटपेक्षा वेगळं आहे. कापाकापी करून ते जमत नाही. क्रमांकाआधी जीएन ही अक्षरं येतात. आणि चिन्ह निळ्या स्वस्तिकाचं नाही: ते १ एप्रिल १९४५ पासून गेलं, त्याजागी पांढरं-निळं-पांढरं वर्तुळ आलं.