विहीर अधिग्रहण की टँकर? ग्रामपंचायतीने टंचाईचा प्रस्ताव असा करावा

टंचाईचा प्रस्ताव रखडतो तो बहुतेकदा एकाच कारणाने. गावात पाणी किती उरलंय, याचा आकडाच त्यात नसतो. ‘विहिरी आटल्या आहेत, तरी टँकर मिळावा’ एवढ्या ओळीवर पाहणीला आलेले अधिकारी शिफारस करू शकत नाहीत. फेरपाहणी लागते आणि तेवढे दिवस बायकांना लांबून हंडे वाहावे लागतात. म्हणून आधी मोजमाप करा, ठराव त्यानंतर.

पहिला आकडा गरजेचा. ग्रामीण भागात टँकरसाठी माणशी रोज २० लिटर हे माप धरतात. ६४० माणसांच्या वाडीला दिवसाला १२,८०० लिटर लागतील. लोकसंख्या जनगणनेची, म्हणजे २०११ ची टाकाल तर नंतर वाढलेली घरं गळतील. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांच्याकडच्या कुटुंबयादीवरून आजची संख्या काढा आणि ती यादी प्रस्तावाला जोडा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा गरज एकदम वाढते. त्यांची संख्या वेगळ्या ओळीत दाखवा. जनावरांची गरजही वेगळीच लिहा, माणसांच्या आकड्यात मिसळू नका.

दुसरा आकडा विहिरीचा. ‘पाणी आहे’ किंवा ‘नाही’ हे काठावरून डोकावून ठरत नाही. दोरीला दगड बांधा, टेपने व्यास मोजा. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाण्याचा प्रत्येक १० सेंटिमीटरचा थर सुमारे २,८०० लिटरचा असतो. संध्याकाळी मोटार बंद करून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहा. बारा तासांनी, कोणीही पाणी काढण्याआधी, पुन्हा मोजा. पातळी ९० सेंटिमीटर वर आली असेल तर रात्रीत साधारण २५,००० लिटर पाणी आलं. वाडीच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट! उपसा थांबल्यानंतरच्या पहिल्या तासाचा वेग धरून दिवसाचा हिशोब मात्र करू नका. पाणी चढतं तसा झऱ्यांचा जोर कमी होतो आणि असा हिशोब फुगतो. उन्हाळ्यात झरेही आटत जातात, म्हणून हे माप दर पंधरा दिवसांनी घ्या आणि तारखेसह वहीत ठेवा. पाहणीच्या दिवशी ही वही पुढे केलीत की बोलणं मुद्द्यावर येतं.

जवळच्या खाजगी विहिरीला गरजेपुरतं पाणी असेल तर अधिग्रहण मागा, म्हणजे ती विहीर मोबदला देऊन टंचाईपुरती सरकारी ताब्यात घ्यायला सांगा. शासनाच्या ३ फेब्रुवारी १९९९ च्या टंचाई निर्णयात विहिरी खोल करणे, गाळ काढणे, विंधन विहिरींची (बोअरची) आणि नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, खाजगी विहिरींचे अधिग्रहण असे बरेच उपाय आहेत. बाकी काहीच जमत नाही हे दाखवल्यावर टँकर मिळतो. आमचं मतही तेच आहे. गावालगतची अधिग्रहित विहीर रोज ठरल्या वेळी पाणी देते, टँकर मात्र वीज, रस्ता आणि डिझेल यांवर अवलंबून असतो.

आराखड्यात गावाचं नाव आहे का, ते पंचायत समितीत आधीच पाहून घ्या. टंचाई कृती आराखड्याचे ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे तीन टप्पे असतात. ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो, मग तहसील आणि पंचायत समिती यांची संयुक्त पाहणी होते. मंजुरीचे अधिकार त्या वर्षी तहसीलदारांना दिलेत की प्रांतांना, हे तहसील कार्यालयात विचारा. चुकीच्या टेबलावर कागद पडून राहतो.

अधिग्रहणात भांडणं होतात ती मोबदल्यावरून. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसली, किंवा विहीर सामाईक असून एकाचीच संमती घेतली, की बिल अडकतं. सर्व हिस्सेदारांची संमती, सातबारा आणि पासबुकाची प्रत पहिल्याच दिवशी घ्या. ताब्याच्या पंचनाम्यात पाण्याची पातळी, मोटारीचे एचपी आणि मीटरचं रीडिंग लिहा. वीजबिल कोणी भरायचं आणि मालकाच्या घरी प्यायला पाणी कसं द्यायचं, हेही तोंडी ठेवू नका. त्या माणसाचं उभं पीक यात अडकलेलं असतं, त्याच्याशी सन्मानाने बोला.

टँकरच घ्यावा लागला तर खेपांचं गणित तपासा. १२,८०० लिटरच्या गरजेला १२,००० लिटरचा एक टँकर रोज ८०० लिटर कमी पडतो, म्हणजे ४० माणसांचं पाणी. हे आदेश निघण्याआधी दाखवून द्या. टँकर भरण्याचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, जवळचा आणि वीज टिकणारा असावा. पाणी कोरड्या विहिरीत सोडू नका. बरंचसं मुरमात जिरतं आणि उरलेलं काढायला पोरं-बायका तळापर्यंत उतरतात, त्यात जीव जातात. त्यापेक्षा गावात टाक्या ठेवून त्यांना तोट्या लावा. खेपवहीत वेळ लिहून गावातल्या दोन महिलांच्या सह्या रोजच्या रोज घ्या. महिनाअखेरीस एकदम केलेल्या सह्या जीपीएसच्या नोंदीशी जुळत नाहीत.

निर्जंतुकीकरण टाळू नका. १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरला ६० ग्रॅम. पावडर थेट टाकली तर गाळ तळाशी बसतो. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी, घ्या. पिवळा रंग आला नाही तर डोस कमी पडला किंवा पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो, म्हणून पोतं घट्ट बांधून सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

या काळात कोणी सार्वजनिक उद्भवाजवळ नवी बोअर घ्यायला निघालं तर लगेच तहसीलला लेखी कळवा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. यंत्र येऊन भोक पडल्यावर तक्रार करून पाणी परत येत नाही.

टंचाईचा कालावधी ३० जूनला संपतो. पाऊस लांबेल असं दिसलं तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच, वहीतली ताजी पातळी जोडून, मुदतवाढ मागा. आणि विहीर परत देताना मालकासमोर मोटार चालवून दाखवा, पातळी आणि मीटर पुन्हा लिहा, सही घ्या.