आर्सेनिक सेलेनाइडची काच: या कामात येणाऱ्यांसाठी

एमएस्सी करून इन्फ्रारेड काचेकडे वळणारी मुलं आधी विचारतात, "यात स्कोप आहे का?" आहे, आणि तो वाढतोय. थर्मल कॅमेऱ्याला, म्हणजे वस्तूच्या उष्णतेवरून चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याला, ८ ते १२ मायक्रॉनची किरणं आरपार सोडणारं भिंग लागतं. खिडकीची काच ती किरणं अडवते. आजवर मोठी मदार जर्मेनियम या धातूसारख्या मूलद्रव्यावर होती, पण ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि भिंगवाले पर्याय शोधू लागले. आर्सेनिक सेलेनाइड ही आर्सेनिक आणि सेलेनियमची काच, तिच्यात जर्मेनियम अजिबात नसतं. शिवाय ही काच १८५ अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागते, त्यामुळे भिंग साच्यात दाबून घडवता येतं. जर्मेनियमचं प्रत्येक भिंग घासून किंवा हिऱ्याच्या टोकाने कातून घडवावं लागतं. तापमान बदललं की जर्मेनियमचा अपवर्तनांक (किरण किती वळतात ते सांगणारा आकडा) जितका सरकतो, त्याच्या दहाव्या भागाइतकाही या काचेचा सरकत नाही. उन्हातान्हात वापरायच्या कॅमेऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष काम. ५० ग्रॅमच्या बॅचला १९.३७ ग्रॅम आर्सेनिक आणि ३०.६३ ग्रॅम सेलेनियम लागतं, तेही ९९.९९९ टक्के शुद्ध. बाटलीवर शुद्धता छापलेली असली तरी आर्सेनिकच्या तुकड्यांवर हवेने ऑक्साइडचा थर चढलेलाच असतो. तो व्हॅक्यूममध्ये तापवून उडवावा लागतो. ऑक्साइड आर्सेनिकच्या आधी वाफ होऊन निघून जातं. मग क्वार्ट्झची नळी: आम्लाने धुवायची, शुद्ध पाण्याने खळाळायची, व्हॅक्यूमखाली तापवून कोरडी करायची. वजन ग्लव्हबॉक्समध्ये (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत, हातमोज्यांतून) करायचं, नळी पंपावर लावायची आणि टॉर्चने तिची मान वितळवून सील करायची. नवीन मुलांना हा सगळा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कधी एकदा भट्टी लावतोय असं होतं. माझं ठाम मत आहे की काच इथेच घडते; भट्टी फक्त तिला एकजीव करते.

भट्टीच्या बाबतीत घाई जिवावर बेतू शकते. सेलेनियम २२१ अंशांना वितळतं, ६८५ ला उकळतं. आर्सेनिक तर ६१५ च्या आसपास न वितळताच वाफ होतं. दोघांची नीट अभिक्रिया व्हायच्या आत तापमान चढवलं तर बंद नळीतला दाब वाढतो आणि नळी फुटते. म्हणून तापमान हळूहळू चढवायचं, मधे थांबायचं, मग सातशेच्या पुढे नेऊन हलत्या भट्टीत रात्रभर ढवळू द्यायचं. शेवटी भट्टी उभी करायची, रस तळाशी जमू द्यायचा आणि नळी बाहेर काढायची. थंड होताना काच क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जास्त आकसते आणि भिंतीपासून सुटते. काळीकुळकुळीत कांडी नळीत मोकळी झालेली दिसली की पुढचं ॲनीलिंग, म्हणजे ताण काढायला हळूहळू थंड करणं, निवांत होतं. भिंतीला चिकटून राहिली तर बहुतेक वेळा तडा जातो, आणि मग नळीच्या सफाईकडे परत जावं लागतं.

पॉलिश करून एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम काढणाऱ्या यंत्रात) ठेवल्यावर पारगमन, म्हणजे आरपार जाणारी किरणं, ६४ टक्क्यांच्या आसपास दिसतं. ते बघून हिरमुसू नका. या काचेचा अपवर्तनांक २.७८ आहे, त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे २२ टक्के किरणं परत फिरतात. परावर्तन कमी करणारा लेप दिल्याशिवाय याहून वर जाताच येत नाही. नजर ठेवायची ती आलेखातल्या खड्ड्यांवर. साडेचार मायक्रॉनजवळचा खड्डा म्हणजे सेलेनियमला चिकटलेला हायड्रोजन, २.९ आणि ६.३ चा म्हणजे ओलावा, आणि साडेबाराच्या पुढचा म्हणजे ऑक्सिजन. हा शेवटचा कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अगदी खेटून असतो, म्हणून सगळ्यात जास्त छळतो. स्पेक्ट्रम वाचून "ओलावा कुठल्या टप्प्यावर शिरला" हे सांगता येणारा माणूस कुठल्याही प्रयोगशाळेला हवाच असतो.

अर्ज करताना कोलकात्याची सीजीसीआरआय (काच आणि सिरॅमिकची केंद्रीय संशोधन संस्था) आणि डेहराडूनची आयआरडीई (डीआरडीओची प्रकाशयंत्रांची प्रयोगशाळा) ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. परदेशात फ्रान्समधलं रेन विद्यापीठ या काचांसाठी जुनं आणि भक्कम ठिकाण आहे. मुलाखतीत अपवर्तनांकाची सूत्रं धडाधड म्हणणाऱ्यापेक्षा व्हॅक्यूम गळती कशी शोधाल याचं नीट उत्तर देणारा पुढे जातो, असं मी पाहिलंय. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये पंपाला हात लावायची संधी मिळाली तर सोडू नका.

घरचे आर्सेनिकचं नाव ऐकून घाबरतात, आणि ते साहजिक आहे. घट्ट तयार काच हाताळायला फारशी भीती नाही. धोका भुकटीचा आणि वाफेचा. कापताना, घासताना पाणी वापरा, गाळ वेगळा साठवा, तो सिंकमध्ये कधीही ओतू नका. नळी फक्त फ्यूम हूडमध्येच, म्हणजे विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच, फोडा. सफाईला अल्कलीचं द्रावण वापरू नका, ही काच त्यात विरघळते. रुजू होण्याआधी हूडची तपासणी कधी झाली आणि लघवीतल्या आर्सेनिकची चाचणी नियमित होते का, हे विचारा. असं विचारणं उद्धटपणा नाही. चाचणीआधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी, तिसऱ्या बंद ठेवा. समुद्री खाण्यातल्या आर्सेनिकने एकूण आकडा फुगतो आणि तो कामामुळे वाढला की जेवणामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आकडा तरीही जास्त आला तर आर्सेनिकचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी मागून घ्या.