धाप लागल्यावर श्वासपटलाला जागा द्या

कापूस वेचणीच्या हंगामात जळगाव-धुळ्याकडे भरलेली गाठोडी बांधापर्यंत वाहताना किंवा नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीवर वाकून काम करताना धाप लागली, की बहुतेक जण खांदे उचलून भराभर श्वास घेतात. परंतु फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्यामधले घुमटाकार श्वासपटल खाली सरकते, बरगड्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा वर आणि बाहेर उचलतात, तेव्हाच हवा आत येते. मानेचे स्नायू केवळ मदतनीस असतात आणि लवकर थकतात.

म्हणून आधी धुळीपासून दूर, सावलीत बसावे, किंचित पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवावेत, कमरेचा पट्टा किंवा गाठ सैल करावी आणि नाकाने श्वास घेताना पोट पुढे येते का, हे त्यावर तळहात ठेवून पाहावे. उच्छ्वास ओठांचा चंबू करून, श्वास घेण्याच्या सुमारे दुप्पट वेळात सोडावा. हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण सावकाश उच्छ्वासामुळे बारीक श्वासनलिका अधिक काळ उघड्या राहतात.

विश्रांतीनंतरही धाप थांबत नसेल, छातीत दुखत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.