अकरावी-बारावीचा भूगोल: आधी नकाशा, मग धडा

‘भूगोल म्हणजे पाठांतर’ असं सिनियर मुलं सांगतात. मीही ऐकलं, आणि अकरावीच्या जर्नलात दोन समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना छेदून टाकल्या. सरांनी लाल पेनाने शेजारी लिहिलं: ‘एकाच जागेला दोन उंच्या?’ तेव्हापासून आधी नकाशा, मग धडा.

सुरुवात त्र्यंबकच्या स्थलनिर्देशक नकाशाने करा, म्हणजे डोंगर, नद्या, गावं बारकाईने दाखवणाऱ्या नकाशाने. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. ब्रह्मगिरी शोधा. कड्याशी समोच्च रेषा दाटीवाटीने येतात, माथ्यावर विरळ होतात. आता कागदाची पट्टी डोंगरावर आडवी ठेवा, प्रत्येक रेषा पट्टीला लागते तिथे खूण करून उंची लिहा, त्याच खुणा आलेख कागदावर उंचीप्रमाणे मांडा आणि हाताने जोडा. हा झाला डोंगराचा छेद, म्हणजे बाजूने दिसणारा आकार. फुटपट्टीने जोडू नका, डोंगर पत्र्याच्या शेडसारखा दिसतो. छेदात लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या उमटल्या की बेसॉल्टबद्दल, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाबद्दल, वेगळं घोकायला लागत नाही.

मग नद्यांवर बोट फिरवा. गोदावरी इथून पूर्वेला १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्र गाठते. दोघींच्या मधली उंच धार म्हणजे जलविभाजक. नदी ओलांडताना समोच्च रेषेचं टोक उगमाकडे वळतं, एवढं मात्र पाठ करा. प्रात्यक्षिकात इथेच घोळ होतो.

तिसरं काम: वहीत इगतपुरी ते येवला आडवी रेघ ओढा. वर पाऊस, खाली पिकं. इगतपुरीला धो-धो पाऊस आणि भातखाचरं, निफाडला ओलिताखालची द्राक्षं, येवला पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात. अकरावीचं हवामान आणि बारावीच्या प्राथमिक आर्थिक क्रिया (शेतीसारखे निसर्गावर थेट अवलंबून व्यवसाय) एका पानावर येतात. परीक्षेत असं उदाहरण आकृतीसह द्या.

लोकसंख्येच्या धड्याला जन्मदर आणि मृत्युदराच्या दोन रेषा पुरतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे नैसर्गिक वाढ. वस्त्यांचे प्रकार एसटीच्या खिडकीतून ओळखा.

लेखी ८०, प्रात्यक्षिक २०. हे वीस गुण फेब्रुवारीपर्यंत ढकलू नका, दर रविवारी एक छेद काढा.

आपत्तीच्या धड्यासाठी नाशिकच्या गोदाघाटावर जा, तिथे दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पूर मोजतात. पाणी ओसरल्यावर जा, पुरात नको.