शहाळं नको, कामाला या

किडन्या गेल्याचं कळलं त्या आठवड्यात आमच्या घरात अकरा शहाळी जमली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी चालत नसली की ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. शेवटी गल्लीतल्या पोरांनी ती शहाळी संपवली.

मी एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. आता तीन वर्षं झाली, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळच्या शिफ्टला चार-चार तास डायलिसिसवर असतो. ज्यांचं नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. पथ्याचा कागद दवाखान्यात मिळतो, मनाचं कुणी काही देत नाही.

"काही लागलं तर सांग," असं कुणी म्हणालं की तिथल्या तिथं काम सांगा. वार आणि वेळेसकट. मी भाच्याला म्हटलं, बुधवारी साडेअकराला गाडी घेऊन ये. मशीनवरून उठल्यावर पाय लटपटतात, बसला लोंबकळणं जमत नाही. तो येतो, वाटेत क्रिकेटवर बडबडतो, माझ्या क्रिएटिनिनचं नावही काढत नाही. तीच वीस मिनिटं मला आठवडाभर पुरतात. काम दिलं की माणूस टिकतो. नुसतं सांत्वन करायला आलेला दोन फेऱ्यांत संपतो, कारण काय बोलावं ते त्याला सुचत नाही. आणि काढे सुचवणारे आले की डबल बेल द्यायची: "डॉक्टरांना विचारतो," म्हणायचं आणि विषय पुढं न्यायचा. मला एकानं पिशवीभर कमरखं, म्हणजे स्टारफ्रूट, आणून दिली होती. किडनीच्या पेशंटला ती विषासारखी असतात.

सगळा राग बायकोवर काढू नका. मी वर्षभर तेच केलं. पाणी मापून ती देणार, भाजीतलं मीठ ती कमी करणार, आणि बोलणी पण तिलाच. मग तिला तिचं माणूस मिळालं ते दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर. तिथं पेशंटच्या बायका चार तास बसून असतात. त्या आमच्याबद्दल काय बोलतात ते मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

आत मात्र स्वतःहून तोंड उघडावं लागतं. शेजारच्या बेडवाल्याला "कधीपासून आहे?" असं विचारू नका, ते सगळेच विचारतात. "आज किती काढलं?" असं विचारा. म्हणजे मशीननं अंगातलं किती पाणी ओढलं. दोन लिटर, तीन लिटर, तिथून गाडी चालू होते. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी माझीच दोन बोटं माझ्या मनगटावर, फिस्टुलावर ठेवायला लावली. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया घालायला ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात ती जागा. आत मांजर घुरघुरल्यासारखं लागलं. "रात्री झोप उडाली की इथं हात ठेवा," म्हणाले. "घुरघुर लागतीय ना? मग फिस्टुला चालू आहे, झोपा." अजून तसंच करतो. घुरघुर लागली नाही तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखान्यात फोन.

रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस जातात, अंगात पाणी चढतं, दम लागतो आणि नको नको ते मनात येतं. म्हणून रविवारी सातला कुणाचा तरी फोन आधीच ठरवून ठेवा. माझा गुरुजींशी असायचा.

गळून गेल्यासारखं वाटणं, झोप न लागणं, जेवावंसं न वाटणं हे डॉक्टरांना सांगा. रक्त तयार करायला लागणारं हार्मोन मुख्यतः किडनीत बनतं, त्यामुळे कधी कारण नुसतं कमी हिमोग्लोबिन असतं, कधी मन. मनाची गोळी चालू केली तर डायलिसिस चालू असल्याचं सांगूनच. डोस वेगळा लागू शकतो. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. मशीन बंद करावं, सगळं संपवावं असं मनात आलं तर त्याच दिवशी तिथं फोन करा आणि घरातही एकाला सांगा.

एका गोष्टीची तयारी कुणी करून घेत नाही. एक दिवस शेजारचा बेड रिकामा दिसतो. चादर बदललेली असते, दुपारपर्यंत दुसरं कुणी झोपलेलं असतं, आणि शिफ्टमधलं कुणी काही बोलत नाही. आपणच टेक्निशियनला विचारायचं. गुरुजींच्या वेळी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. तासभर बसलो, त्यांच्या मुलाला वडलांचे दवाखान्यातले विनोद सांगितले. तो हसला, मग रडला. आम्ही पण.

आता त्या बेडवर पंचविशीतला पोरगा आहे. पहिले तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून. गेल्या रविवारी सातच्या सुमारास अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉल होता. परत फोन लावला.

"काका, बर्फाचा खडा दिवसाच्या पाण्याच्या मापात धरायचा का?"

धरायचा, म्हटलं. एवढं सांगायला पाऊण तास लागला.