सह्याद्रीतल्या डोंगर-शर्यतीची तयारी कशी करावी

रस्त्यावर नियमित धावणारी माणसे डोंगरातल्या शर्यतीकडे वळतात, तेव्हा बहुतेकांचा अंदाज एकाच ठिकाणी चुकतो: ती चढाची तयारी करून येतात आणि प्रत्यक्षात उतारावर गळपटतात. माझे तसेच झाले होते. सरावाच्या पहिल्या मोठ्या दिवशी राजगडाच्या चोर दरवाजापर्यंत मी समाधानकारक वेगाने चढलो, दमही टिकून होता. पण गुंजवण्याकडे उतरताना अर्ध्या वाटेतच मांड्या इतक्या थरथरू लागल्या की उरलेले अंतर झाडाझुडपांना धरत, आडव्या पावलांनी काढावे लागले आणि पुढचे तीन दिवस घराचा जिना उतरणे अवघड झाले. तेव्हापासून माझे मत ठाम आहे की डोंगरासाठीचा सराव हा प्रामुख्याने उतरण्याचा सराव असला पाहिजे, आणि पुढचे सारे विवेचन याच मताच्या आधाराने केले आहे.

सुरुवात मापापासून करावी, कारण डोंगरात किलोमीटर हे माप फसवे असते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मेंढ्या चरणाऱ्या उघड्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात आणि त्यांवरच्या धावण्याला ‘फेल रनिंग’; तिथे अंतराइतकाच चढाईचाही हिशेब ठेवण्याची पद्धत जुनी आहे. बॉब ग्रॅहम याने १९३२ साली तिथली ४२ शिखरे २४ तासांच्या आत पालथी घातली. ती फेरी सुमारे १०६ किलोमीटरची आहे, पण तिचा खरा दरारा आहे तो सुमारे ८,२०० मीटर चढाईमुळे. तिथल्या शर्यतींची वर्गवारीही याच तत्त्वावर होते: किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढाई असलेली शर्यत सर्वांत खड्या ‘ए’ वर्गात मोडते. आता हे माप आपल्या वाटेला लावून पाहावे. आतकरवाडीतून सिंहगड चढून परत उतरले, तर जेमतेम साडेपाच किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढाई होते, म्हणजे किलोमीटरमागे १०० मीटरांहून थोडी जास्त. पुण्यातली शेकडो माणसे दर रविवारी पहाटे जी वाट सवयीने चढून येतात, ती त्या मापाने ‘ए’ वर्गाच्या दुप्पट खडी आहे, आणि सरावासाठी आपल्याला कुठेही दूर जावे लागत नाही, हे सह्याद्रीत राहणाऱ्यांचे मोठे भाग्य आहे.

शर्यतीला किती वेळ लागेल याचा अंदाज करण्यासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला चालण्याचा नियम आजही उपयोगी पडतो: ढोबळमानाने दर पाच किलोमीटरांना एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या नियमाने सिंहगडाच्या वरील फेरीला दोन तास सहा मिनिटे लागतात. आपण ती फेरी, समजा, ७५ मिनिटांत करत असाल, तर आपला गुणक साधारण ०.६ झाला. आता २५ किलोमीटर अंतर आणि १,५०० मीटर चढाईच्या शर्यतीचा हिशेब नियमाप्रमाणे साडेसात तासांचा होतो, त्याला ०.६ ने गुणल्यावर साडेचार तास येतात आणि थकव्यापोटी त्यात चौथा हिस्सा मिळवला की साडेपाच तासांहून थोडा अधिक वेळ हाती येतो. अन्न, पाणी आणि कट-ऑफ (शर्यतीत ठरावीक टप्पा गाठण्याची मुदत) यांचे सगळे नियोजन या आकड्यावर करावे. सपाट रस्त्यावरच्या आपल्या वेगावर ते केल्यास घात होतो.

चढाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण चढ मेहनतीला लवकर दाद देतो. चढ तीव्र झाल्यावर तेवढ्याच गतीने धावण्यापेक्षा झपाझप चालण्याला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे खड्या टप्प्यावर चालणे हा कमीपणा मानू नये. कसलेले धावपटूही तिथे चालतातच. पाऊल लहान ठेवावे, शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवावा, कमरेतून न वाकता घोट्यापासून किंचित पुढे झुकावे आणि फार खड्या जागी तळहातांनी गुडघ्याच्या वर मांडी दाबत चढावे. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला आहे असे समजावे. पहिल्या चढावर सगळी शक्ती उधळणारा धावपटू तिसऱ्या चढावर हमखास मागे पडतो.

उतारावर मात्र सविस्तर बोलले पाहिजे. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावत काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावण्याचे काम करतात. या ताणलेल्या अवस्थेतल्या कामामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यामुळेच दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. दिलासा देणारी गोष्ट अशी की स्नायू हा धडा लवकर शिकतात: एकदा उताराचा पुरेसा ताण पडला की तेवढ्याच ताणाने पुढचे काही आठवडे बरेच कमी दुखते. म्हणून उतार थोडा थोडा, पण सातत्याने द्यावा लागतो; पाच महिने सपाटीवर धावून शेवटच्या महिन्यात एकदम तोरणा उतरायला जाणे हा स्नायूंवर अन्याय आहे.

उतरण्याचे तंत्र टेकडीवर, सौम्य उतारावर शिकावे. साठ ते ऐंशी मीटर लांबीचा, मातीचा किंवा गवताचा, खाली मोकळी सपाटी असलेला उतार निवडावा आणि आठवड्यातून एकदा तो सहा ते आठ वेळा उतरावा; वर येताना चालत यावे. घाबरलेले शरीर आपोआप मागे रेलते, टाच पुढे रोवली जाते आणि प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्यात जातो. याउलट पाऊल शरीराच्या खालीच पडेल असे पाहावे, पावले लहान आणि जलद टाकावीत, गुडघा नेहमी किंचित वाकलेला असावा आणि तोल सांभाळण्यासाठी कोपरे बाजूला उघडी ठेवावीत. नजर पायाकडे नको. ती तीन-चार मीटर पुढे असावी, म्हणजे डोळ्यांनी निवडलेल्या जागी पाय आपोआप पडत जातो. हे कौशल्य अंगी बाणायला दोन-तीन महिने लागतात, आणि त्याला दुसरी पळवाट मला तरी सापडलेली नाही.

पुढचे शिक्षण जमिनीच्या जातीप्रमाणे घ्यावे लागते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरूम-दगडांच्या उतारावर, एका पावलावर पूर्ण भरवसा न ठेवता तो सरकण्याआधीच पुढचे पाऊल टाकावे आणि अंग किंचित आडवे ठेवावे. कातळावर कोरड्या ऋतूत बुटाची पकड उत्तम मिळते, पण पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे त्यावर शेवाळ असते, आणि शेवाळलेल्या कातळावर कोणत्याही कंपनीचा बूट विश्वासार्ह नसतो. तिथे धावायचेच नाही. वाळलेले, आडवे झालेले गवत हा तर माझ्या अनुभवात सर्वांत फसवा पृष्ठभाग आहे, कारण ते दिसते मऊ आणि पाय सोडून देते. दृष्टिभय असलेल्या, म्हणजे बाजूची खोल दरी पाहून भीती वाटावी अशा, धारेवर किंवा रेलिंग लावलेल्या कातळटप्प्यावर पुढच्या माणसाला ओलांडण्याची घाई कधीही करू नये.

घरच्या घरी करण्याचे दोन व्यायाम मी कधीच चुकवत नाही. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय चार सेकंद मोजत खालच्या पायरीकडे सावकाश न्यावा आणि टाच टेकताच परत वर यावे; प्रत्येक पायाने दहा, असे तीन वेळा. दुसरा, दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा. तो सोपा वाटू लागला की, आधाराला भिंत जवळ ठेवून, डोळे मिटून करावा. घोट्याच्या मुरगळण्यापासून या साध्या सवयीने जेवढे संरक्षण मला दिले, तेवढे कोणत्याही पट्ट्याने दिलेले नाही.

सह्याद्रीतल्या मोठ्या शर्यती बहुधा हिवाळ्यात असतात. शर्यत डिसेंबरात आहे असे धरले तर ऑगस्टच्या मध्यापासून सोळा आठवडे मिळतात. आठवड्यातून चार दिवस धावणे नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला पुरते: दोन दिवस सपाटीवर हलके, एक दिवस टेकडीवर चढ-उताराचे फेरे आणि एक दिवस डोंगरात लांब पल्ला. नोंदवहीत किलोमीटरांशेजारी चढाईचे मीटर लिहावेत. पहिल्या आठवड्यात एकूण ४०० ते ५०० मीटर पुरेत. पुढे दर आठवड्याला शंभर-दीडशे मीटरांहून अधिक वाढ करू नये आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणावा. वाढ होते ती या विश्रांतीच्या आठवड्यात, हे मनाला पटवून देणे कष्टाळू लोकांना जड जाते.

जागा प्रत्येक शहराला आहेत. पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाई, साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट, नाशिकमध्ये अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, नवी मुंबईत खारघरची टेकडी. यांपैकी जे घराजवळ असेल ते सर्वांत चांगले. सरावाचे पहिले पाच-सहा आठवडे पावसाचे असतात, ते गडावरच्या निसरड्या वाटांऐवजी घाटरस्त्यावर काढावेत. याच काळात, सप्टेंबरात, होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन मला चाचणी म्हणून फार योग्य वाटते, कारण त्या २१ किलोमीटरांत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे असते आणि मग त्याच घाटाने परत उतरायचे असते. डांबरी रस्ता असल्यामुळे जमिनीची चिंता न करता केवळ मांड्यांची परीक्षा होते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात गडाच्या वाटांवर यावे, आणि नोव्हेंबरात निदान दोनदा लांब पल्ला करावा: एकदा सिंहगडाच्या दोन-तीन सलग फेऱ्या आणि एकदा राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत. ही दुसरी वाट एकट्याने करू नये आणि पहिल्यांदा करताना वाट माहीत असलेला सोबती घ्यावा, कारण ढोरवाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात आणि चुकलेली सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार, उतरून गेल्यावर परत चढण्यात तास जातो.

खाण्यापिण्याचा सराव हाही सरावाचाच भाग आहे. दीड तासांहून लांब पल्ल्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि ती भूक लागण्याआधी, पहिल्या तासापासूनच. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की, उकडलेला बटाटा मीठ लावून, यांपैकी जे धावताना पोटाला मानवेल ते सरावातच ठरवावे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये. घाम खूप येत असताना नुसते पाणी पोटभर पीत राहणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियमचे प्रमाण घटते. ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी आलटून-पालटून, तहानेप्रमाणे प्यावे. गडावरच्या टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नये. दोन लिटरची सोय पाठीवर असावी.

पाठीवर आणखी काय असावे याबाबत इंग्लंडच्या डोंगरांतली शिस्त आपण जरूर घ्यावी. तिथे अनेक शर्यतींत पावसाचे पूर्ण कपडे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि राखीव खाणे जवळ नसेल तर धावपटूला उभेही करत नाहीत. सह्याद्रीत यात हेडलॅम्प, क्रेप बँडेज, हलके जाकीट आणि इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा भरलेला मोबाइल, एवढी भर घालावी, कारण माचीवर धुके उतरले की दहा पावलांवरचा बुरूजही दिसेनासा होतो. बूट खोल दातऱ्यांचे असावेत आणि उतारावर अंगठ्याचे नख काळे पडू नये म्हणून पुढे बोटभर जागा राहील एवढे मोठे असावेत. सुगंधी फवारे मारून डोंगरात जाऊ नये. कड्यांवर आग्या मोहोळ असते. कातळाच्या खाचेत न पाहता हात घालू नये. तिथे फुरसे असू शकते. घरी कोणाला तरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून निघावे.

शेवटचे दोन आठवडे बेत आवरता घ्यावा. शर्यतीच्या बारा-चौदा दिवस आधी एकदा दणकून उतरून घ्यावे, म्हणजे मांड्यांना तो धडा ताजा राहतो आणि दुखणे जिरायला वेळही मिळतो. त्यानंतर खडा उतार पूर्ण बंद ठेवावा आणि सपाटीवर अर्धा-पाऊण तास हलके धावावे. पायाची नखे चार दिवस आधी कापावीत. आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गावी पोचून उजेड असतानाच शेवटच्या उताराचा एखादा किलोमीटर चालत वर जाऊन यावे, कारण दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी तिथे पोचाल तेव्हा कुठे वळायचे आणि कुठला दगड हलतो, हे आधी पाहिलेले असेल.